पाच दहा पाच दहा

मागच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले होते. मयड्याची केळी घेतली, खोलच्या मिरच्या घेतल्या आणि सुक्या सुंगटांच्या ओळीतून वाट काढत स्टँडकडे निघताना एका म्हातारीपुढे गावठी लिंबांचा ढीग दिसला म्हणून थांबले. उरलेले पैसे देताना तिने कमरेच्या पिशवीतून दहाची नोट काढली आणि दोन्ही हातांनी ताणून माझ्यासमोर धरली. “कोनशाक मातशी पिंजल्या, बाय. चलता मू?” कोपरा विरला होता खरा, पण नोट नव्या छपाईची, तपकिरी. चलता, म्हटलं आणि ती मुठीत धरून बसमध्ये चढले. बाहेर “दिवचल, दिवचल, दिवचल” असा डिचोलीचा पुकारा चाललेला. खिडकीजवळची जागा मिळाली. हळद आणि खाऱ्या मासळीचा मिसळलेला वास बोटांना लागला होता, म्हणून मूठ उघडून नोटेकडे पाहिलं. क्रमांक होता ५१०५१०.

या नव्या नोटांवर आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. पहिला पाच बारीक, शेवटचं शून्य ठसठशीत. नोटेचा क्रमांक वाचायची सवय मला बाबांकडून आली आहे, त्यामुळे मनातल्या मनात वाचून टाकला : पाच लाख दहा हजार पाचशे दहा. कानाला बरं वाटलं. पाच-दहा, पाच-दहा. बसच्या खडखडाटावर तो ताल बसून गेला आणि मी बाहेरची माडांची रांग बघत तो तसाच घोळवत राहिले. वर्गात मुलांना संख्या वाचायला लावते तेव्हा हजारांनंतर दोन-दोनचे गट पाडायला सांगते. माझाही डोळा तसेच गट पाडतो. ५,१०,५१०. त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही.

अस्नोड्याच्या पुलावर बस आली आणि बाबांचा आवाज ऐकू आला. ऐकू आला म्हणजे आठवला, पण इतका जवळून की मी वळून पाहिलं. “किन्येंतुस इ देज मिल, किन्येंतुस इ देज.” पाचशे दहा हजार, पाचशे दहा. त्या वाचनासरशी संख्या मधोमध उलगडली. ५१०, आणि पुन्हा ५१०. एकदा हजार वेळा आणि एकदा एक वेळा. म्हणजे ५१० गुणिले १००१.

आता हे १००१ माझ्या रोजच्या ओळखीचं. दरवर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला मी फळ्यावर हाच खेळ करते. कुठलीही तीन अंकी संख्या घ्या, तीच तिच्याशेजारी पुन्हा लिहा. आता ७ ने भागा, आलेल्या उत्तराला ११ ने भागा, त्याला १३ ने भागा. बाकी कुठेच उरत नाही आणि शेवटी सुरुवातीची संख्या परत हातात येते, कारण ७ × ११ × १३ म्हणजेच १००१. मुलं दरवर्षी तितकीच चकित होतात. वीसेक वर्षं हा खेळ करणारी मी, आणि मुठीत धरलेली नोट मला ओळखता आली नाही. ती ओळखली बाबांनी, ज्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

मग राहवेना. १००१ मध्ये ७, ११, १३. उरलं ५१०, त्याचे २, ३, ५ आणि १७. मी बोटांवर क्रमाने लावून पाहिले : २, ३, ५, ७, ११, १३, १७. पहिल्या सात मूळ संख्या, एकही न गाळता, एकही दोनदा न घेता. बाजारातल्या नोटेवर त्यांचा अख्खा गुणाकार छापून आला होता. अंगावर काटा आला. शेजारच्या बाईंना सांगावंसं वाटलं, पण त्या झोपल्या होत्या. तेवढ्यात कंडक्टर तिकिटाला आला, मी दुसऱ्या हातातली एक नोट दिली, आणखी दहा मागितले तेव्हा मुठीतली दिली, आणि पुन्हा बोटांवर सात, अकरा, तेरा मोजत बसले.

डिचोलीला उतरल्यावर मूठ उघडली तर रिकामी.

बस पुढे साखळीकडे निघून गेली होती. दहा रुपयांची विरलेली नोट ती, तिच्यासाठी धावणं वेडेपणाचं झालं असतं. तरी घरी पोचेपर्यंत मनाला काहीतरी टोचत होतं. संख्या हरवलेली नाही, ती कागदावर उतरवली की झालं, हे मला कळत होतं. टोचत होतं ते निराळंच आणि त्याचा शोध घेत मी रात्री बराच वेळ सोप्यावर, म्हणजे घराच्या ओसरीवर, बसले.

बाबांचं डिचोलीच्या बाजारात किराण्याचं दुकान होतं. गोव्याची मुक्ती झाली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे. लहानपणी सकाळी पोर्तुगीज शाळा, प्रिमेर ग्राव, सेगुंद ग्राव, आणि संध्याकाळी देवळाच्या पडवीत शेणैमामांसमोर मराठी अक्षरं आणि पाढे, असं त्यांचं शिक्षण. त्याची घडी त्यांच्यात कायमची बसून गेली होती. गिऱ्हाइकाशी बोलणं कोंकणीत. गुणाकार मराठीत, आणि तोही पाढ्याच्या चालीत, पावकी-निमकीसकट. पण नोटा मोजायच्या त्या पोर्तुगीजमधूनच. रात्री फळ्या लावल्या की गल्ला ओतायचे, अंगठा जिभेला लावायचे आणि सुरू : “उं, दोइश, त्रेश, क्वात्रु…” एकाच माणसाच्या डोक्यात बेरजेची भाषा एक आणि गुणाकाराची दुसरी कशी, हे कोडं मला तेव्हा पडलं नाही. आज वाटतं, त्यांना विचारायला हवं होतं. रुपिया जाऊन एस्कुद आला, सहा एस्कुदांचा एक रुपिया, मग एस्कुद जाऊन आपला रुपया आला, हे सगळं त्यांनी तरुण वयात पाठोपाठ पाहिलेलं. कदाचित म्हणूनच नोट घेताना ते तिचा क्रमांक मोठ्याने वाचत, आणि तीन-तीनचे गट पाडून वाचत. मोठी रक्कम लिहितानाही हजारांनंतर टिंब. बारा हजार पाचशे म्हणजे त्यांच्या वहीत १२.५००.

पाचवीत असताना गृहपाठात मी तसंच लिहिलं. सरांनी वही वर्गासमोर उघडली. “बारा हजार पाचशेचं साडेबारा केलंस की!” सगळा वर्ग हसला. लाल रेघ पानभर ओढली होती. मी घरी न जाता तडक दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांदेखत वही काउंटरवर आपटली. तुमच्यामुळे झालं, म्हटलं. तुम्हाला धड मराठी लिहिता येत नाही, असंही म्हटलं. बाबा साखर जोखत होते. त्यांनी पारडं स्थिर होऊ दिलं, पुडा बांधला, दोरा दातांनी तोडला. मग वही हातात घेऊन लाल रेघ नीट पाहिली आणि “बरं” एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांच्या वहीत टिंब दिसलं नाही. जुन्या चोपड्या मी नंतर चाळल्या आहेत. एका पानापर्यंत टिंबं आहेत, पुढच्या पानापासून स्वल्पविराम, लाखांच्या पद्धतीचे, थोडे अवघडलेले, कधी चुकीच्या जागी पडून खोडलेले. मोजणं मात्र त्यांना बदलता आलं नाही. मी दुकानात असले की ते आवाज न करता ओठांनी मोजायचे.

मला टोचत होतं ते हे असावं. जे वाचन मी त्यांच्या तोंडून घालवलं, त्यानेच मला आज संख्या दाखवली.

शनिवारी भाचा आला. नववीत आहे, सगळ्यात आधी मोबाईल. त्याला नोटेची गोष्ट सांगितली तर म्हणाला, “मावशी, तसल्या नोटा लोक विकतात. ७८६ वाली, ११११११ वाली.” त्याने शोधूनही पाहिलं, ५१०५१० ला कुणी विचारत नव्हतं. “म्हणजे ह्यात खास काही नाही?” त्याने सरळ मनाने विचारलं. ७८६ मागे कुणाची श्रद्धा आहे, ते मला समजतं. सहा एके ओळीने दिसले की डोळ्याला गंमत वाटते, तेही समजतं. पण संख्येच्या आत काय आहे हे न बघता तिचं मोल करणं मला सोसत नाही. बाबांच्या दुकानातलं लाकडी काउंटर आता आमच्या सोप्यावर असतं. त्याला तिथे बसवलं आणि कागद पुढे ओढला.

त्याला आधी बरण्या सांगितल्या. आजोबांच्या दुकानात या काउंटरवर सात बरण्या असत. समज, प्रत्येक बरणीतून एक जिन्नस घ्यायचा किंवा नाही घ्यायचा. किती तऱ्हांनी बाजार करता येईल? प्रत्येक बरणीला दोन पर्याय, म्हणून दोन सात वेळा गुणायचे. १२८. अगदी तसंच, सात मूळ अवयवांतले कुठले घ्यायचे, कुठले सोडायचे, यावरून ५१०५१० चे विभाजक ठरतात. तेही १२८. काहीच न घेतलं तर १, सगळे घेतले तर ती स्वतः. त्याला वाटलं हे सर्वांत जास्त असणार. नाही. ४,९८,९६० ही संख्या तिच्याहून लहान आहे आणि तिला २०० विभाजक आहेत. ती संख्या २ आणि ३ पुन्हा पुन्हा घेते, मोठ्या मूळ संख्यांच्या वाटेला जात नाही. अशा, आपल्याहून लहान सगळ्यांना विभाजकांत मागे टाकणाऱ्या संख्यांवर रामानुजनांनी १९१५ मध्ये मोठा निबंध लिहिला. ५१०५१० त्या पंक्तीत बसत नाही. पण तिचे स्वतःला सोडून बाकीचे विभाजक मिळवले तर १२,३१,३१४ होतात, तिच्या दुपटीहून जास्त. ही बेरीज ज्यांच्या स्वतःहून जास्त भरते अशा संख्यांना विपुल म्हणतात. मला हे नाव आवडतं, त्यात भरल्या घराचा भास आहे.

मग कापरेकरांकडे वळलो. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे द. रा. कापरेकर. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक सगळ्यांना माहीत असतो, पण मला त्यांच्या हर्षद संख्या जास्त जवळच्या वाटतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती हर्षद, आनंद देणारी. भाच्याने बेरीज केली, पाच नि एक सहा, पाच नि एक सहा, बारा. बाराने भाग जाईना, अर्धा उरला. कारण बाराला दोन दोनदा लागतात आणि आमच्या संख्येत दोन एकदाच. त्याचा चेहरा पडला. त्याला म्हटलं, थांब, कापरेकरांचा आणखी एक प्रश्न आहे. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे २१ चा जनक १५. पण २० ला असा जनकच नाही, ती आपली आपण आलेली. अशा संख्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. मग ५१०५१० ला जनक आहे? अर्धा तास आम्ही दोघं मागे मागे सरकत शोधत होतो. सापडला. ५१०४८६. त्याच्या अंकांची बेरीज २४, आणि २४ मिळवले की बरोबर ५१०५१०. भाचा उठून उभाच राहिला. मलाही, का कोण जाणे, त्या जनकाने फार बरं वाटलं.

रात्री एकटीने सात अवयवांची दोन गटांत वाटणी करून पाहत होते, शक्य तितके सारखे भाग पाडायचे म्हणून. एकीकडे २, ३, ७, १७. दुसरीकडे ५, ११, १३. गुणाकार आले ७१४ आणि ७१५. लागोपाठच्या दोन संख्या! गटांची बेरीज करून पाहिली, दोन्हीकडे २९. वाटलं, हे माझ्याआधी कुणाला तरी दिसलंच असणार. दिसलं होतं. बेसबॉलमध्ये बेब रूथ यांचा ७१४ होम रनचा विक्रम ८ एप्रिल १९७४ रोजी हँक आरन यांनी ७१५ वा फटका मारून मोडला. अमेरिकाभर हे दोन आकडे गाजत असताना जॉर्जियातले तरुण गणिती कार्ल पोमेरन्स त्यांच्याकडे बघत बसले आणि त्यांना गुणाकारातल्या पहिल्या सात मूळ संख्या दिसल्या. ज्यांच्या मूळ अवयवांची बेरीज सारखी भरते अशा शेजारी जोड्यांना पुढे रूथ-आरन जोड्या नाव पडलं. ७७ आणि ७८ ही त्यातलीच, दोघांची बेरीज १८. अशा जोड्या विरळ होत जातात असा पोमेरन्स यांचा कयास होता, तो हंगेरियन गणिती पॉल एर्डिश यांनी सिद्ध करून दिला. १९९५ मध्ये एमोरी विद्यापीठाने आरन आणि एर्डिश दोघांनाही एकाच वेळी सन्मानाची पदवी दिली, तेव्हा दोघांनी एकाच चेंडूवर सह्या केल्या. हे वाचताना मला म्हापशाची ती म्हातारी आठवत होती, ताणून धरलेली नोट आणि तिचं “चलता मू?”

आणखी एक धागा मिळाला आणि तो मला आपल्या घरातला वाटला. १३ × २१ × ३४ × ५५ केलं तरी ५१०५१०. या चार संख्या ओळीने येतात त्या हेमचंद्रांनी बाराव्या शतकात छंदांसाठी सांगितलेल्या यादीत. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. सहा मात्रांची ओळ लघु-गुरूंनी १३ तऱ्हांनी भरता येते, सात मात्रांची २१, आठची ३४, नऊची ५५. शेणैमामांच्या पडवीत बाबांनी ज्या चालीवर पाढे म्हटले असतील त्या चालीतही कुठेतरी हीच मोजणी आहे.

रविवारी सकाळी भाचा चहाच्या आधीच काउंटरवर बसलेला. म्हणाला, “मावशी, ह्यात एक मिळवला तर?” ५१०५११. मी त्याला विचारलं, दोनने भागलास तर बाकी किती? एक. तीनने? एक. पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, कुणीही भागलं तरी बाकी एकच. सातही जण ५१०५१० मध्ये पूर्ण बसतात, मग त्या वरच्या एकाला कोण घेणार? म्हणून या शेजारणीचा मूळ अवयव सातांच्या बाहेरचाच असला पाहिजे. मूळ संख्या कधी संपत नाहीत हे युक्लिडने सांगितलं ते याच वाटेने, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी. “म्हणजे ५१०५११ स्वतःच मूळ संख्या!” तो ओरडला. मी गप्प राहिले. तिच्या आधीच्या पायऱ्या त्याने भराभर लिहिल्या. २ मध्ये एक मिळवून ३, मग २ × ३ मध्ये एक मिळवून ७, तसंच पुढची एकेक मूळ संख्या गुणत ३१, २११, २३११. सगळ्या मूळ. त्याची खात्री वाढत गेली. सहाव्या पायरीला ३००३१ आली आणि तिथे ५९ आणि ५०९ निघाले. तो थबकला. मग खाली वाकून ५१०५११ लिहिलं, सतरानंतरची मूळ संख्या कुठली ते स्वतःशीच पुटपुटला आणि बाजूला १९ मांडले.

एकोणीसचा पाढा त्याला येत नव्हता. मी म्हणत गेले, बाबांच्या चालीत, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस सक चौदोत्तरशे. एक्कावन्नात दोनदा, उरले तेरा. शून्य खाली, एकशे तीसमध्ये सहा वेळा, उरले सोळा. पाच खाली, आठ वेळा, उरले तेरा. एक खाली, सहा वेळा, उरले सतरा. शेवटचा एक खाली ओढला तेव्हा सतराशेजारी बसून त्याचे एकशे एक्काहत्तर झाले. भाचा माझ्याकडे बघत थांबला. मी म्हटलं, “एकोणीस नवे?” त्याने काउंटरच्या कडेवर बोटांनी मोजायला सुरुवात केली, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग पेन्सिल टेकवून नऊ लिहिला, खाली १७१ लिहिले, रेघ ओढली आणि रेघेखाली शून्य काढलं.